फोटो छापल्यावर रंग का बदलतात? 'रेंडरिंग इंटेंट' म्हणजे नेमकं काय?

लग्नाच्या फोटोत मोबाईलवर झगमगणारा निळाशार शालू अल्बममध्ये छापून आला की बऱ्याचदा मलूल दिसतो. दरवेळी दोष फोटोग्राफरचा असतोच असं नाही. स्क्रीन प्रकाशातून रंग दाखवते, छापखाना शाईतून. स्क्रीनला जमणारे काही रंग शाईला जमतच नाहीत. अशा रंगांचं करायचं काय, हे ठरवणारी सेटिंग म्हणजे रेंडरिंग इंटेंट.

कोणत्या उपकरणाला कोणते रंग दाखवता येतात, हे त्याच्या कलर प्रोफाईलमध्ये लिहिलेलं असतं. या प्रोफाईलचे नियम इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियम ही १९९३ साली स्थापन झालेली संस्था ठरवते. तिने चार इंटेंट दिले आहेत. फोटोसाठी मात्र खरी निवड दोघांतच असते.

'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' छापता येणाऱ्या रंगांना हात लावत नाही, फक्त पांढरा रंग कागदाच्या पांढऱ्याशी जुळवून घेतो. न छापता येणारा रंग तो जवळच्या छापता येणाऱ्या रंगावर नेऊन ठेवतो. अडचण इथेच आहे. शालूच्या चुण्यांमधल्या निळ्याच्या पाच छटा कक्षेबाहेर असतील, तर त्या जवळपास एकच होतात आणि चुण्या सपाट दिसतात. 'पर्सेप्च्युअल' सगळेच रंग थोडे थोडे आत ओढतो. छटांमधला फरक टिकतो, चुण्या दिसतात. पण एरवी नीट छापला गेला असता असा चेहऱ्याचा रंगही किंचित सरकू शकतो.

म्हणून भडक कपडे, फुलं, रोषणाई असेल तर पर्सेप्च्युअल आणि साधं पोर्ट्रेट असेल तर रिलेटिव्ह, ही सुरुवात ठीक. त्यापेक्षा खात्रीचा मार्ग म्हणजे फोटोशॉपमध्ये व्ह्यू, प्रूफ सेटअप, कस्टम इथे छापखान्याने दिलेलं प्रोफाईल निवडून दोन्ही इंटेंट आलटून पालटून बघणं. 'ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन' चालू ठेवावं, नाहीतर रिलेटिव्हमध्ये गडद भागातले बारकावे काळ्यात बुडू शकतात.

इंटेंट बदलूनही काहीच फरक पडत नाही, अशी तक्रार अनेकांची असते. पर्सेप्च्युअलसाठी लागणारे तक्ते छपाईच्या प्रोफाईलमध्ये असतात. एसआरजीबी किंवा ॲडोबी आरजीबीच्या नेहमीच्या प्रोफाईलमध्ये ते नसतात. त्यामुळे सोशल मीडियासाठी फोटो एसआरजीबीत बदलताना पर्सेप्च्युअल निवडलं तरी काम रिलेटिव्हसारखंच होतं. तिथे डोकं खाजवण्यात अर्थ नाही.

उरलेले दोन प्रकार फोटोसाठी क्वचितच लागतात. 'सॅच्युरेशन' आलेख आणि तक्त्यांसाठी, जिथे रंग अचूक असण्यापेक्षा ठसठशीत असणं महत्त्वाचं. 'ॲब्सोल्यूट कलरिमेट्रिक' कागदाच्या पांढरेपणाचीही नक्कल करतो. एका कागदावरची छपाई दुसऱ्यावर कशी दिसेल, हे तपासायला तो वापरतात. अल्बमसाठी चुकून निवडला, तर पांढऱ्या भागावर फिकट पिवळट किंवा निळसर झाक येऊ शकते.

रूपांतर नेहमी कॉपीवर करावं. एकदा सपाट झालेल्या छटा फाईल पुन्हा आरजीबीत नेल्याने परत येत नाहीत.