साथरोग आणि राष्ट्रीय उत्पन्न

साथरोगामुळे राष्ट्रीय उत्पन्न दोन प्रकारे घटते. आजारपण आणि मृत्यूमुळे कामाचे दिवस बुडतात, उपचारांवर खर्च होतो. दुसरे नुकसान भीतीमुळे होते : लोक शहर सोडतात, बाजारात गिऱ्हाईक फिरकत नाही, परदेश माल नाकारतात. औषधाने आटोक्यात येणाऱ्या रोगात हे दुसरे नुकसानच मोठे ठरते. १९९४ च्या प्लेगमध्ये तेच घडले.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर पडू लागले आणि गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला झालेल्या किल्लारी भूकंपाशी याचा संबंध जोडला गेला. तो निर्विवाद नाही. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग फुटला आणि काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. त्यात हिऱ्यांना पैलू पाडणारे कारागीर आणि यंत्रमाग कामगार होते, त्यामुळे दोन्ही धंदे ठप्प झाले. दुकानांतले टेट्रासायक्लिन संपले. आखाती देशांनी विमाने थांबवली, भारतीय खाद्यपदार्थ अडवले. पर्यटकांनी आरक्षणे रद्द केली. शेअर बाजार घसरला. मृत्यू मात्र पन्नासच्या आसपास होते. नुकसानीचा नेहमी दिला जाणारा अंदाज सुमारे १.७ अब्ज डॉलरचा आहे. असे अंदाज ढोबळच असतात, पण मृत्यूंच्या मानाने नुकसान फार मोठे होते यात शंका नाही. तरीही १९९४-९५ मध्ये देशाचा विकासदर सहा टक्क्यांहून अधिक राहिला : साथ थोडक्यात आटोपली आणि थांबलेली मागणी परतली.

साथ कळवणाऱ्या देशालाच शिक्षा, हा सुरतेचा धडा २००५ च्या सुधारित आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांमागील एक कारण ठरला. मात्र अवाजवी बंदी घालणाऱ्याला दंड करण्याची तरतूद त्यांत नाही.

कोविड-१९ चे प्रमाण वेगळे होते. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत भारताचे उत्पादन जवळपास चोवीस टक्क्यांनी आणि २०२०-२१ या वर्षात सुमारे सहा टक्क्यांनी घटले. वाढलेल्या मोजक्या क्षेत्रांत शेती होती. पण बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जातात. टाळेबंदीत त्यांतले अनेकजण तेथेच अडकले. एप्रिलच्या मध्यानंतर राज्य सरकारने तपासणी करून त्यांना गावी परतू दिले. शेतीच्या वाढीच्या आकड्यात या मजुरांची स्थिती दिसत नाही.