बतलीमूस, अकलीदस आणि पैठणचा राजा

मिसर म्हटलं की आपल्या घरातल्या मुलांना फिरऔन आठवतो, आणि शाळेच्या पुस्तकामुळे पिरॅमिड व ममी. पण फिरऔनांचा काळ सरल्यावर त्याच मिसरच्या इस्कंदरियात, म्हणजे अलेक्झांड्रियात, दोन विद्वान होऊन गेले. इ.स.पू. ३०० च्या सुमाराचा भूमितीकार युक्लिड आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला खगोलज्ञ टॉलेमी. अरबीत हे अकलीदस आणि बतलीमूस. (क्लिओपात्राच्या घराण्यातले टॉलेमी राजे वेगळे.)

या बतलीमूसला आपला मुलूख ठाऊक होता. भूगोलाच्या ग्रंथात त्याने सुमारे ८,००० ठिकाणं अक्षांश-रेखांशांसह नोंदवली. त्यात नासिका आहे, तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर आहे, आणि ‘बैथन’ आहे, ‘सिरो पोलेमायोस’ची राजधानी. हे बैथन म्हणजे पैठण आणि हा राजा म्हणजे सातवाहन श्री पुळुमावी. दोंडाईच्याहून नाशिकला गेलात तर पांडवलेणीत तिसऱ्या क्रमांकाचं लेणं बघा. तिथे याच पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातला, त्याची आजी गौतमी बलश्री हिचा लेख कोरलेला आहे. टॉलेमी स्वतः इकडे कधी आला नाही. भडोचकडे ये-जा करणाऱ्या व्यापारी-खलाशांच्या सांगण्यावर त्याची भिस्त होती. म्हणून त्याच्या नकाशात दख्खनचं द्वीपकल्प जवळपास गायब आहे आणि श्रीलंका अवाढव्य.

त्याचा खगोलग्रंथ नवव्या शतकात बगदादला अरबीत आला, ‘अल-मजिस्ती’ या नावाने. आपल्या जलशांत मोठ्या अभिमानाने सांगतात की मुसलमानांनी ग्रीकांचं ज्ञान सांभाळलं. मला हे वाक्य अपुरं वाटतं. सांभाळायला तर कुलूपही पुरतं. काहिऱ्यात राहणाऱ्या इब्न अल-हैसमने ११ व्या शतकात ‘बतलीमूसवरील शंका’ असा ग्रंथच लिहिला. टॉलेमीचा ग्रह वर्तुळात फिरतो, पण त्याची गती एकसारखी दिसते ती केंद्र सोडून बाजूच्या एका काल्पनिक बिंदूवरून. खऱ्या गोलाला अशी गती असेल कशी, हा इब्न अल-हैसमचा आक्षेप. पुढे मराग्यात नसीरुद्दीन तूसीने आणि १४ व्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत नमाजच्या वेळा ठरवणाऱ्या इब्न अल-शातिरने वेगळ्या रचना मांडल्या. शातिरची चंद्राची रचना आणि नंतरच्या कोपर्निकसची रचना गणिताने एकच आहे.

भारतात ही विद्या संस्कृतात उतरली ती याच वाटेने. १८ व्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगाच्या दरबारी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने अरबी शिकून तूसीच्या प्रतीवरून युक्लिडचं ‘रेखागणित’ केलं आणि मजिस्तीवरून ‘सिद्धान्तसम्राट’. पंडिताने अरबी शिकायची आणि मौलवीच्या हातची प्रत समोर ठेवून संस्कृत लिहायचं, यात तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही. भूमितीच्या तासाला युक्लिडचं नाव निघतं. तूसी आणि जगन्नाथ यांची नावं मात्र मी वर्गात कधी ऐकली नाहीत.