दोन रुपयांत जे उचलाल ते

आधी खिसा चाचपा. दोन रुपयांची नोट आहे ना, मागे आर्यभट्ट उपग्रह छापलेली? मग चला. 1985 च्या आसपासचा आर्णीचा आठवडी बाजार, दिवस कापसाचे आणि बऱ्याच घरांत चुकारा आलेला. माहूरकडून आलेल्या एसटीच्या लाल डब्ब्यातून तुम्ही उतरता न उतरता तोच मागचा लोंढा तुम्हाला पुढे रेटतो.

नाकात आधी धूळ शिरते, मग भज्यांचं तेल, मग ओला सांबार, म्हणजे कोथिंबीर. ताडपत्रीखाली वाकलात की नव्याकोऱ्या प्लास्टिकचा गरम वास. पोचलात! "हरेक माल दो रुपया! जो उठाओ, दो रुपया!" भोंगा थेट कानात. दिवसभर तापलेल्या ताडपत्रीखाली सदरा पाठीला चिकटतो, कुणाची तरी पिशवी तुमच्या पोटरीत रुततेय, आणि तरीही तुम्ही खाली बसताच. बसावंच लागतं, कारण माल पायाशी आहे.

कंगवे, रिबिनी, टिकल्यांची पाकिटं, साबणदाण्या, कुलपं, पाठीवर नटीचा फोटो असलेले गोल आरसे. हात घाला ढिगात. किराणा दुकानात शेठ फळीपलीकडे बसतो. आपण मागायचं, त्यानं काढून द्यायचं आणि वहीत लिहायचं. मागची बाकी असली की आपला आवाज आपोआप खाली येतो. इथं वही नाही. भाव विचारायचीही भीती नाही, तो तर भोंगाच सांगतोय. उचला, वाजवून पाहा, परत ठेवा. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाईला इथं एखाद्या वस्तूला खुशाल 'नको' म्हणता येतं, आणि माझ्या लेखी हे या दुकानाचं सगळ्यात मोठं देणं आहे.

दुकानदाराचाही हिशेब पक्का असतो. माल घाऊकात, ग्रोसनं उचललेला. कंगव्यात पैसे सुटतात, गाळणीत जातात.

तुमच्या शेजारी बंजारा तांड्यावरची एक बाई टेकलीय. काचळीवरचे आरसे लखलखताहेत, बोटं बोंडांनी ओरखडलेली. एका हातात चहाची गाळणी, दुसऱ्यात आरसा. पोरगं पदर ओढतंय.

"माय, मले शिट्टी घेऊन दे न!"

"चूप बैस. भाऊ, हे बी दोनच काय?"

"दोनच ताई. सारंच दोन."

ती गाळणी उजेडात धरून जाळी तपासते, खाली ठेवते, दुसरी उचलते. तिसरी. दुकानदार हूं की चूं करत नाही. शेवटी ती गाळणीही घेते आणि शिट्टीही. आरसा ढिगावर परत ठेवते. पोरगं तिथंच फुंकर मारतं, भोंग्याच्या वर आवाज चढवतं. तुम्ही ठरवलंत का? लवकर करा, मागचे आता खांद्यावरून हात घालताहेत.