जबडा, श्वास आणि वैद्यांचा विश्वास

चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ नावाचे गाव आहे. १९५६-५७ साली तेथे उत्खनन झाले, तेव्हा नदीपलीकडील टेकवाडे येथे ताम्रपाषाणयुगातील दफने सापडली. त्याच युगातील पुणे जिल्ह्यातल्या इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात दोनशेहून अधिक दफने उजेडात आणली आणि तेथील माणसांच्या दातांचा व जबड्यांचा कसून अभ्यास झाला. मडकी आणि मणी यांहूनही जबडा अधिक बोलका असतो. धन्याने काय खाल्ले, ते तो सांगतो.

पुष्कळ पंडितांचे मत असे की, अन्न मऊ होत गेले तसतसा वाढत्या वयातील जबड्याचा व्यायाम घटला. दातांचा आकार मात्र त्या मानाने घटला नाही. म्हणून आज मुलांच्या मुखात दातांची दाटी दिसते. कळण्याची भाकरी चावणाऱ्या आजोबांचा नातू दूध-बिस्किटावर वाढला, की काय होते, हा प्रश्न खानदेशातही विचारण्याजोगा आहे. पुन्हा टाळू म्हणजे मुखाचे छत, आणि तेच नाकाची जमीनही होय. छत अरुंद झाले की वरची वाटही चिंचोळी होते.

जबड्याची चिकित्सा आपणांस नवी नाही. निखळलेला जबडा शेकून, आंगठ्यांनी दाबून व तर्जनींनी हनुवटी उचलून बसवावा, असे चरकसंहितेत आहे. सांधा बसल्यावर पंचांगी नावाचा बंध बांधावा, असे सुश्रुतसंहिता सांगते. आजचा शल्यवैद्यही निखळलेला जबडा बसविताना आंगठ्यांनी दाबून हनुवटी वर नेतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता अमेरिकेकडे वळू. १८६० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एमर्सन एंजेल या दंतवैद्याने एका चौदा वर्षांच्या मुलीच्या टाळूत आडवा स्क्रू बसविला. तो रोज किल्लीने फिरविण्यास तिला सांगितले. दोन आठवड्यांत पुढच्या दातांमध्ये फट पडली. टाळूच्या मधला अस्थिसांधा उघडला, असे त्याने लिहिले. समव्यवसायी मंडळींनी ते अशक्य ठरविले, आणि ही युक्ती पुष्कळ काळ मागे पडली. १९६१ साली अँड्र्यू हास याने, प्रथम डुकरांवर प्रयोग करून मग रुग्णांवर, ती पुन्हा सिद्ध केली. अविश्वासाने असे एक सत्य शंभर वर्षे अडवून ठेवले.

अतिविश्वासाचीही कथा ऐका. १९३४ साली सेंट लुईसचे कानतज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी अकरा रुग्णांवरून असे प्रतिपादिले की, दाढा गेल्याने जबड्याचा सांधा मागे सरतो, मज्जातंतू दाबतो, आणि कानदुखी व चक्कर यांचे मूळ तेथेच असते. अनेकांनी ते उचलून धरले आणि चाव्याची उंची वाढविण्याचे उपचार पसरले. पुढे शरीररचनेच्या अभ्यासकांनी त्यातील मज्जातंतूंवरील दाबाची कल्पना खोडून काढली. वेदना खरी होती, तिचे कारण मात्र चुकीचे सांगितले गेले होते.

आज हे दोन्ही धडे आपल्यासमोर एकदम उभे आहेत. २००४ साली रोममध्ये झोपेत श्वास अडणाऱ्या ३१ मुलांची टाळू रुंदविण्यात आली, आणि त्यांचा श्वास सुधारल्याचे प्रसिद्ध झाले. परंतु ती मुले निवडक होती; त्यांच्या गाठी मोठ्या नव्हत्या. लहान वयात टाळूचा सांधा सहज उघडतो. प्रौढपणी तो जुळून येतो, म्हणून हाडात स्क्रू रोवून बळ लावावे लागते, आणि त्यात यशाची हमी नसते. सांध्याचे दुखणे टाळू रुंदविल्याने हमखास जाईल, असे म्हणण्याइतका पुरावा आजही नाही.

तेव्हा आपले मूल तोंड उघडे टाकून घोरत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नये. आधी नाक-घशाच्या वैद्याला दाखवावे, मग दातांच्या. जो दोन आठवड्यांत सर्व व्याधी हरण्याचे वचन देतो त्याला कॉस्टेनची गोष्ट सांगावी. आणि जो पाहिल्याविना अशक्य म्हणतो त्याला एंजेलची. इतिहास औषध देत नाही. पण कोणाचे औषध घ्यावे, याचा विवेक देतो.