धावत्या वळणाचे खिळे

लेखणी न उचलता लिहिले जाणारे वळण धातूच्या खिळ्यांत उतरत नाही, आणि म्हणूनच मुद्रणयुगात मोडी लिपी मागे पडली, असे विधान आपल्याकडे वारंवार केले जाते. युरोपातील हस्ताक्षरी टंकांचा इतिहास पाहता हे विधान तपासून घेणे अवश्य ठरते.

अडचण खरी आहे. खिळा हा चौकोनी धातुखंड होय. त्याच्या कडेबाहेर आलेला अक्षराचा अवयव दाबाखाली सहज मोडतो. उलट हाताच्या अक्षराचे रूप शेजारच्या अक्षरावर अवलंबून असते. भाषेतील संधीचाच हा प्रकार. मागचा वर्ण पुढच्याला वळवितो. लिआँ येथे १५५७ साली रोबेर ग्राँजाँ याने फ्रेंचांचे नित्याचे हस्ताक्षर टंकात आणले, तेव्हा त्याने एकाच वर्णाची अनेक रूपे आणि कित्येक जोडाक्षरे ओतून या अडचणीतून वाट काढली. इटलीचे तिरपे टंक रूढ असता आपल्या देशाचे वळणही छापले जावे, ही त्यामागील ईर्ष्या होती. राजा दुसरा आंरी याने त्यास दहा वर्षांचा एकाधिकार दिला. पुढे एरास्मसचे मुलांसाठी लिहिलेले शिष्टाचाराचे पुस्तक या टंकात छापले गेले आणि त्यावरून टंकाला 'सिव्हिलिते' हे नाव चिकटले.

अठराव्या शतकात इंग्रजी गोल वळणाची प्रतिष्ठा वाढली. जॉर्ज बिकम याचा 'युनिव्हर्सल पेनमन' (१७३३–४१) हा या वळणाचा कोशच म्हणावा. पण तो खिळ्यांनी नव्हे, तांब्याच्या कोरीव पत्र्यांवरून छापला गेला. पत्र्यावर रेषेला कडेचे बंधन नसते. खिळ्यांना ती मोकळीक मिळावी म्हणून फिर्मँ दिदो याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी खिळ्याचे अंगच तिरपे केले. पुढे रोजे एक्स्कोफाँ याच्या 'मिस्त्राल' (१९५३) टंकात जोडरेषांची स्थाने अशी बेतली गेली की लहान अक्षरे एकमेकांशी जुळावीत. आमच्या मते धातूतील हस्ताक्षरी टंकांत हीच सर्वांत चतुर कृती होय. डौल त्यापुढे गौण. नंतर छायाक्षरजुळणीत धातुखंडच नाहीसा झाला, आणि मॅथ्यू कार्टर याने १९६६ मध्ये चार्ल्स स्नेल या जुन्या लेखनगुरूच्या वळणावरून 'स्नेल राउंडहँड' सिद्ध केला. जाहिराती, निमंत्रणे, वेष्टने यांवरील मथळ्यांत तो आजही भेटतो.

आता मोडीकडे वळू. विल्यम केरी याचा मराठी शब्दकोश श्रीरामपूर येथे १८१० साली छापला गेला तो मोडी खिळ्यांनीच. म्हणजे मोडी छापता येत नव्हती असे नाही. शाळांसाठी मोडी वाचनाची पुस्तके शिळाछापावर निघत. युरोपात जे कार्य तांब्याच्या पत्र्याने केले तेच येथे दगडाने केले. मोडीत स्वरचिन्हे व्यंजनाच्या अंगातच मिसळतात, त्यामुळे खिळ्यांची संख्या आणि खर्च वाढतो हे मान्य करावे लागेल. परंतु ग्राँजाँचा खर्चही थोडा नव्हता. तेथे राजाश्रय लाभला. येथे शालेय ग्रंथांसाठी बाळबोधीची निवड झाली आणि मोडी दप्तरापुरती उरली. युनिकोड संकेतप्रणालीत मोडीला स्थान मिळाले ते २०१४ मध्ये, धातूचे खिळे वापरातून गेल्यावर.