शंभर किलोमीटरमागे ०.२ लिटर

"ॲव्हरेज किती देते?" कोल्हापुरात गाडी बघायला गेलेला माणूस रंगाच्याही आधी हे विचारतो. त्याचे माप लिटरमागे किलोमीटरचे. राजपत्रात तेच माप उलटे छापलेले असते : शंभर किलोमीटरमागे लिटर. इंधनबचतीच्या सरकारी नियमांनी नवी गाडी किती महागली, हे कागदांवरून शोधायचे तर आधी हा उलटा हिशेब सुलटा करून घ्यावा लागतो.

त्याआधी एक घोटाळा दूर करू. २०२० च्या भाववाढीचे खापर सरसकट 'सरकारी नियमां'वर फोडले जाते. ती वाढ बीएस-६ ची, म्हणजे धुराच्या नियमांची. ते रस्ते वाहतूक मंत्रालयाचे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१८ ला ३१ मार्च २०२० नंतरची जुन्या बीएस-४ गाड्यांची विक्री बंद ठरवली आणि या नियमांमुळेच एप्रिल २०१९ मध्ये मारुतीने डिझेल गाड्या थांबवण्याची घोषणा केली. इंधन किती जाळावे, याचा नियम मात्र ऊर्जा मंत्रालयाचा, ऊर्जा संवर्धन कायदा २००१ खालचा. दोन्हींची कागदपत्रे वेगळी, तारखाही वेगळ्या.

एप्रिल २०१५ च्या सुधारित अधिसूचनेचा गाभा एका सूत्रात आहे. बंधन एकेका गाडीवर नाही. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीवर आहे. सरासरी वजन जास्त, तर मुभाही जास्त. २०१७-१८ पासून १०३७ किलोला ५.४९२२ लिटर, २०२२-२३ पासून ११४५ किलोला ४.७६९४ लिटर. सूत्रात वजन घालून पाहिले. सरासरी ८०० किलोच्या गाड्या विकणाऱ्या कंपनीला पहिल्या टप्प्यात ॲव्हरेज हवे २०.३, दुसऱ्यात २४.५. दीड हजार किलोवालीला १५.१ आणि १८.३. (हे आकडे चाचणीकेंद्रातल्या रोलरवरचे, पन्हाळ्याचा घाट चढतानाचे नव्हेत.) दोघींनाही इंधन सुमारे १७ टक्केच कमी करायचे आहे. म्हणजे कागदावर लहान गाडीला झुकते माप नाही आणि जाचही नाही. पण त्यासाठी बसवायचा सुटा भाग लहान गाडीसाठी काही निम्म्या दरात मिळत नाही. कमी किमतीच्या गाडीला तोच खर्च जड जातो, आणि पहिली गाडी घेणारा बहुधा तिच्यासमोरच उभा असतो. मला हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

या सूत्रात रुपया कुठेच नाही. तो येतो १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्यात, आणि दंड म्हणून येतो. मर्यादा ०.२ लिटरपर्यंत चुकली तर विकलेल्या प्रत्येक गाडीमागे २५ हजार, त्याहून जास्त चुकली तर ५० हजार. शिवाय दहा लाखांपर्यंतचा मूळ दंड वेगळा. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे ०.२ लिटरने वाचतात २० लिटर. पेट्रोल १०५ रुपये धरले तर २,१०० रुपये. २५ हजार भरून यायला जवळपास बारा वर्षे लागतील. नियमामुळे गाडी नेमकी किती महागली, हे दंडाच्या या आकड्यावरून सांगता येत नाही. पण दंड चुकवण्यासाठी कंपनी कुठवर खर्च करायला तयार होईल, त्याचा अंदाज येतो. ग्राहकाच्या बचतीपेक्षा ती हद्द बरीच पुढे आहे.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांनी हे सूत्र जरा निराळ्या नजरेने वाचावे. तिथे साच्यात ओतलेल्या लोखंडाच्या रसातून गाड्यांची कास्टिंग निघतात, आणि हलक्या ॲल्युमिनियमची धास्ती जुनी आहे. पण दुसऱ्या टप्प्यात सरासरी वजन १०० किलोने उतरवले की मर्यादाही बरोबर ०.२ लिटरने घट्ट होते. वजन घटवून जे इंधन वाचते, त्यातला बराच भाग सूत्रच परत काढून घेते. गाडी हलकी करायला या नियमाचे उत्तेजन वाटते तेवढे नाही.

या इंधन-नियमांच्या सप्टेंबर २०२५ च्या मसुद्यात २०२७-२८ पासूनचा तिसरा टप्पा मांडला गेला. त्यात ९०९ किलोपर्यंतच्या, १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांना किलोमीटरमागे ३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची सवलत सुचवली होती. पेट्रोलच्या भाषेत ती शंभर किलोमीटरमागे ०.१३ लिटरच्या आसपास बसते.