कात गेला, वीट आली

बोईसरमध्ये भट्टी म्हटलं की तारापूरची अणुभट्टी आठवते, १९६९पासून वीज देणारी. दुसरी भट्टी विटांची. आमचं घर बांधताना ट्रकभर विटा उतरल्या, त्या कोणी थापल्या हे विचारायचं मला सुचलंही नव्हतं.

ठाणे-पालघरच्या वीटभट्ट्यांवर कातकरी पुष्कळ. नावातच त्यांचा जुना धंदा आहे: खैराचं लाकूड उकळून कात काढायचा, विड्यात घालतात तोच. १८७८च्या वनकायद्याने जंगलं राखीव होत गेली. खैर सरकारचा झाला, कातकऱ्यांकडे नाव उरलं.

आता पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की मालकाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर अख्ख्या कुटुंबाने भट्टी गाठायची. नवरा-बायको जोडीने विटा थापतात, पोरांची शाळा सुटते. पावसाआधी हिशोब होतो. तेव्हा उचल फिटली नसेल तर बाकी पुढच्या वर्षावर. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने बंद झाली म्हणतात. मालकाची वही मात्र चालू आहे.

आणि गावी परतायचं कुठे? अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर आहेत. सातबारावर नाव नाही, म्हणून पक्कं घर बांधणं अवघड. हजारो विटा थापणाऱ्याचं स्वतःचं घर कुडाचं.